टोपीची बैठक

जुन्या मराठीत ‘रंजक’ हा शब्द भेटला की आजचा विद्यार्थी हमखास ठेचकाळतो. त्याला तो मनोरंजनाशी जोडावासा वाटतो. वस्तुतः मोल्सवर्थच्या कोशातील रंजक म्हणजे नळीतली दारू पेटावी म्हणून बंदुकीच्या कानाशी घातलेली चिमूटभर दारू. जामगीचा विस्तव या रंजकाला लागे, तिची ज्वाळा कानाच्या छिद्रातून आत शिरे आणि मग बार होई. वाऱ्याने रंजक उडाली किंवा पावसाने भिजली, की बार फुसका. आज आपण ‘फुसका बार’ हे शब्द पुढाऱ्यांच्या भाषणांना लावतो, तेव्हा त्यामागची ही चिमूटभर दारू कोणाला आठवत नाही.

शस्त्रांचा इतिहास गोळीच्या आणि दारूच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. ठिणगीच्या अंगाने मात्र फार थोडा. खरे तर बंदुकीचा भरवसा तिथेच ठरतो.

रंजकाला पर्याय शोधला तो एका धर्मोपदेशकाने. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचा पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. रंजकाचा भपका पाहूनच पक्षी उडून जातात, या वैतागातून त्याचा शोध निघाला, असे सांगितले जाते. घाव बसताच आपोआप भडकणारे रासायनिक द्रव्य वापरण्याच्या या कल्पनेचे एकस्व त्याने 1807 साली घेतले. पुढे हे द्रव्य तांब्याच्या इवल्या टोपीत बसवले गेले. ही टोपी बंदुकीच्या बोंडीवर चढवायची आणि घोडा तिच्यावर आपटायचा. 1857 साली ज्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसावरून वणवा पेटला, तीही अशीच टोपीची बंदूक होती. काडतूस कागदाचे, त्याला लावलेली चरबी हा वादाचा विषय. आग देणारी टोपी मात्र काडतुसापासून वेगळी होती आणि शिपाई ती शेवटी हाताने चढवी. बोभाटा काडतुसाचा झाला, टोपीकडे कोणी पाहिले नाही!

मग धातूची पुंगळी आली आणि टोपी तिच्या बुडाच्या खळगीत जाऊन बसली. हिलाच आता प्राइमर म्हणतात. पण नुसती टोपी पुरत नाही. पिनेचा घाव बसताना द्रव्य कशावर तरी चिरडले जावे लागते. लोहाराला लागते तशी इथेही ऐरण लागते. ही ऐरण कुठे असावी, याची दोन उत्तरे 1866 साली पुढे आली. अमेरिकी यादवी युद्धात नेमबाजांच्या पथकाचे नेतृत्व केलेल्या हायरम बर्डनने ऐरण पुंगळीच्या खळगीतच घडवली आणि ज्वाळेसाठी सहसा तिच्या दोन बाजूंना दोन छिद्रे ठेवली. वूलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण टोपीतच घातली आणि खळगीत मधोमध एकच छिद्र ठेवले. गंमत अशी, की अमेरिकनाची पद्धत युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत.

या अदलाबदलीला मी निव्वळ योगायोग मानायला तयार नाही. बॉक्सरच्या पुंगळीतून वापरलेली टोपी एका सरळ सुईने मधल्या छिद्रातून ढकलून काढता येते. म्हशींसारख्या रानटी बायसनच्या मागे 1870 च्या दशकात मैदाने तुडवणारे शिकारी आपली काडतुसे तळावरच पुन्हा भरत; दुकान दूर आणि पितळ महाग. 1884 साली न्यू हेवन येथे जॉन बार्लोने आयडियल कंपनी काढली, ती अशा हातभरणीच्या अवजारांसाठीच. युरोपातील फौजांना कारखान्यातून आयते काडतूस मिळे. तिथे रिकामी पुंगळी ही टाकाऊ वस्तू.

हाताने भरणाऱ्याची खरी परीक्षा मात्र टोपी बसवताना होते. आधी खळगीतली काजळी खरवडून काढायची. मग टोपी सरळ, एकसारख्या दाबाने आत लोटायची, इतकी की ऐरणीचे पाय खळगीच्या तळाला टेकले पाहिजेत. नीट बसलेली टोपी पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित खाली असते, साधारण इंचाचे तीन ते पाच सहस्रांश. डोळ्याला हा फरक जेमतेम कळतो. बोट फिरवले की कळतो. टोपी अर्धवट वर राहिली, तर पिनेचा पहिला घाव तिला खाली बसवण्यातच खर्ची पडतो आणि बार होत नाही. तीच गोळी दुसऱ्या घावाला उडते, आणि माणूस उगाच टोपीच्या कारखान्याला दोष देतो. याच्या उलट प्रकार अधिक भयंकर. अमेरिकी सैन्याने 1936 साली स्वीकारलेल्या गॅरँड रायफलीत पिन मोकळी हलते. तिथे वर राहिलेल्या टोपीवर चाप न ओढताच घाव बसू शकतो, तोही रायफलीचा बोल्ट पुरता बंद होण्यापूर्वी. म्हणजे एकाच चुकीचे दोन परिणाम: मुकेपणा किंवा अवेळी बोलणे.

बर्डनची पुंगळी पुन्हा भरणारे चिवट लोकही आहेत. मधले छिद्रच नसल्याने ते टोपी बाहेरून आकड्याने उचकटतात, किंवा पुंगळीत पाणी भरून वरून दट्ट्या ठोकतात आणि पाण्याच्या दाबाने ती उडवतात. सवयीने सरळ सुई घालणाऱ्याला मात्र पहिल्याच पुंगळीत कळते, की आत ऐरण आहे. सुई वाकलेली असते.