मेंदूंतील वेसण

बैलाला आवरण्यासाठीं मनुष्यानें फार पूर्वींच त्याच्या नाकांत वेसण घातली. १९६३ सालीं स्पेनमधील कॉर्दोबा येथें मात्र ती बैलाच्या मेंदूंत घातलेली दिसली. येल विद्यापीठांतील शास्त्रज्ञ होसे देल्गादो यांनीं झुंजीच्या एका बैलाच्या मेंदूंत बारीक तारा बसविल्या आणि ते स्वतः त्याच्यासमोर रिंगणांत उभे राहिले. बैल शिंगें रोखून अंगावर धांवून आला. देल्गादोंनीं हातांतील रेडिओयंत्राची कळ दाबतांच तो थबकला आणि एका बाजूस वळला.

ही विद्या एकाएकीं जन्मली नव्हती. १८७० सालीं जर्मनींत फ्रिट्श व हिट्झिग यांनीं कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागास सौम्य विद्युत्प्रवाह लावला, तेव्हां शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायु हलले. पुढें झुरिकच्या हेस यांनीं जाग्या मांजरांच्या मेंदूंत खोलवर प्रवाह सोडला. शांत बसलेलें मांजर समोर शत्रु असल्याप्रमाणें केस पिंजारून फिसकारूं लागे. मेंदूच्या या भागावरील संशोधनासाठीं १९४९ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला. १९५४ सालीं ओल्ड्स व मिल्नर यांनीं माँट्रिअल येथील प्रयोगांतून दाखविलें कीं, मेंदूच्या विशिष्ट जागीं प्रवाह मिळावा म्हणून उंदीर आपण होऊन पुनःपुन्हां कळ दाबीत राहतो.

कॉर्दोबाच्या प्रयोगावरून देल्गादोंनीं असा निष्कर्ष काढला कीं, बैलाचा क्रोधच शमला. १९६५ सालीं ही वार्ता न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. १९६९ सालच्या आपल्या ग्रंथांत तर त्यांनीं मेंदूच्या अशा ज्ञानानें मानवी समाज अधिक सुसंस्कृत करण्याची आशा मांडली. परंतु १९७३ सालीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हॅलेन्स्टाइन यांनीं त्याच दृश्याचा निराळा अर्थ लावला. प्रवाहामुळें बैलाचें अंग एका बाजूस ओढलें गेलें आणि त्याची धांव मोडली. राग नाहींसा झाला असें त्यावरून ठरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें.

बैलाची मान वळली, हें सर्वांनीं पाहिलें. मन वळलें कीं नाहीं, हें कोणासच दिसलें नाहीं. आज कंपवाताच्या रोग्यांना अशाच तारांनीं आराम मिळतो. पण तेथें रोगी आपल्या संमतीनें त्या बसवून घेतो. वेसण कोणाच्या हातीं आहे, आणि ज्याला ती घातली त्याला विचारलें होतें काय, हे दोन प्रश्न बैलाला विचारतां येत नाहींत. माणसांच्या बाबतींत मात्र ते आधीं विचारलेच पाहिजेत.