वाफेचे स्वप्न आणि वाफेचा इतिहास : स्टीमपंक व्हिडिओ गेम्समधील भारत व नागपूरचा अनुभव

प्रस्तावना

नागपूर शहराच्या उत्तर भागातील एका वस्तीचे नाव जरीपटका असे आहे. जरीपटका म्हणजे मराठी राज्याचे जरीचे निशाण. ज्या सरदाराकडे ते सोपविले जाई त्याचा तो मोठा मान समजला जाई. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून निर्वासित होऊन आलेली अनेक कुटुंबे या वस्तीत स्थिरावली. आज हे नाव उच्चारताच नागपूरकरांना तेथील सिंधी वसाहत व बाजारपेठ आठवते; निशाणाची आठवण क्वचितच होते. याच उत्तर नागपुरात मोतीबाग येथे डिसेंबर २००२ मध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. गेलेल्या राज्याचे नाव आणि गेलेल्या वाफयुगाचे अवशेष शहराच्या एकाच भागात असावेत, हा योगायोग असला तरी त्यामागील इतिहास योगायोगाचा नाही. नागपुरात राज्य गेले आणि वाफ आली, या दोन घटना अवघ्या तेरा वर्षांच्या अंतराने घडल्या.

एकोणिसाव्या शतकाशी अनेक विद्यार्थ्यांची पहिली ओळख आता पाठ्यपुस्तकात होत नाही व संग्रहालयातही होत नाही. ती व्हिडिओ गेमच्या पडद्यावर होते. या गेम्समधील ‘स्टीमपंक’ नावाचा प्रकार तर वाफेच्या युगावरच उभा आहे. त्या युगातील भारत व मराठी इतिहासातील व्यक्ती या गेम्समध्ये आणि त्यांच्या वाङ्मयीन पूर्वजांमध्ये कोणत्या रूपात येतात, आणि नागपूरच्या प्रत्यक्ष अनुभवाशी ते चित्र कितपत जुळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्टीमपंक : संकल्पना व वाटचाल

वाफेची यंत्रे मागे पडलीच नसती, उलट त्यांचाच विकास होत गेला असता तर जग कसे दिसले असते, या कल्पनेवर स्टीमपंक आधारलेले आहे. पितळी नळ्या, दातेरी चाके, हवाई जहाजे आणि व्हिक्टोरियाकालीन पोशाख ही त्याची बाह्य लक्षणे होत. ‘स्टीमपंक’ हा शब्द अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी ‘लोकस’ या नियतकालिकास लिहिलेल्या व १९८७ साली छापल्या गेलेल्या पत्रात योजिला. विल्यम गिब्सन व ब्रूस स्टर्लिंग यांच्या ‘द डिफरन्स इंजिन’ या १९९० सालच्या कादंबरीने त्या शब्दास प्रतिष्ठा मिळवून दिली.

व्हिडिओ गेम्सच्या क्षेत्रात ‘द केऑस इंजिन’ (१९९३), ‘आर्केनम’ (२००१) आणि ‘बायोशॉक इन्फिनिट’ (२०१३) ही या परंपरेतील ठळक नावे आहेत. यांतील सर्वच गेम्स केवळ सजावटीवर समाधान मानीत नाहीत. ‘आर्केनम’मध्ये कारखान्यांत राबणाऱ्या ऑर्क जमातीचा असंतोष कथानकात येतो. ‘बायोशॉक इन्फिनिट’मध्ये १९१२ सालच्या एका तरंगत्या नगरीचे वैभव ज्यांच्या श्रमावर उभे आहे त्यांचा उठाव दाखविला आहे; मात्र पुढे त्या उठावाचे नेतृत्वही सत्ताधाऱ्यांइतकेच क्रूर ठरविले आहे. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि त्याविरुद्ध उठणाऱ्याला कोणती भूमिका द्यायची, हा प्रश्न या प्रकाराच्या मुळाशीच आहे. त्या मुळाकडे पाहिले असता भारताचे, आणि त्यातही मराठी इतिहासाचे, दर्शन घडते.

ज्यूल व्हर्नचे दोन बंडखोर

स्टीमपंकचे लेखक ज्या पूर्वसुरींकडे पुनःपुन्हा वळतात त्यांत फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) अग्रभागी आहेत. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध नायक म्हणजे ‘नॉटिलस’ पाणबुडीचा कर्णधार नेमो. ‘द मिस्टीरियस आयलंड’ (१८७४–७५) या कादंबरीत नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार असून १८५७ च्या उठावात लढला होता, असा उलगडा होतो. व्हर्न यांना हा नायक मुळात रशियाविरुद्ध लढणारा पोलिश उमराव करावयाचा होता. प्रकाशकाने हरकत घेतल्यामुळे ती कल्पना सोडावी लागली आणि पुढे ती जागा भारतीय राजपुत्राने घेतली. कारण काहीही असो, जागतिक साहित्यातील एक अतिप्रगत यंत्र १८५७ च्या एका पराभूत भारतीयाच्या हाती देण्यात आले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

परंतु याच लेखकाच्या ‘स्टीम हाऊस’ या १८८० सालच्या कादंबरीत चित्र नेमके उलटते. या कादंबरीचा आरंभ मार्च १८६७ मध्ये औरंगाबाद शहरात होतो. नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंडांचे बक्षीस जाहीर करणारे पत्रक तेथे लागलेले आहे. पुढे कलकत्त्याहून काही युरोपीय प्रवासी एका अजब वाहनातून निघतात. दोन फिरती घरे ओढणारा, वाफेवर चालणारा पोलादी हत्ती हे ते वाहन होय. एका इंग्रज अभियंत्याने तो भूतानच्या राजासाठी बांधला होता. कादंबरीच्या शेवटी नानासाहेबांना या हत्तीलाच बांधले जाते व बॉयलरच्या स्फोटात त्यांचा अंत होतो. प्रत्यक्षात नानासाहेब १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत गेले व त्यानंतर त्यांचे काय झाले याचा खात्रीलायक पुरावा मिळत नाही. इतिहासाने जो प्रश्न अनुत्तरित ठेवला, त्याचे उत्तर कादंबरीने यंत्राकरवी देऊन टाकले.

नेमो व नानासाहेब हे दोघेही १८५७ चे बंडखोर. पहिला काल्पनिक आहे, म्हणून त्याला यंत्राचे स्वामित्व मिळाले. दुसरा ऐतिहासिक आहे, त्याच्यावर कानपूरच्या हत्याकांडाचा ठपका आहे, आणि त्याला यंत्राचा बळी व्हावे लागले. पुढच्या शतकातील स्टीमपंक गेम्सना भारताविषयी जो वारसा मिळाला तो असा दुहेरी आहे.

पडद्यावरील लक्ष्मीबाई

‘द ऑर्डर : १८८६’ हा प्लेस्टेशन ४ वरील गेम फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे कथानक पर्यायी इतिहासातील लंडनमध्ये घडते. राजा आर्थरच्या गोलमेज परंपरेतील सरदार हवाई जहाजे व निकोला टेस्लाने घडविलेली शस्त्रे वापरून राक्षसी प्राण्यांशी लढत असतात. या लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीची आठवण करून देणारी ‘युनायटेड इंडिया कंपनी’ आहे. तिच्या गुप्त दुष्कृत्यांचा भेद करणाऱ्या बंडखोरांची नेता झाशीची राणी लक्ष्मीबाई आहे. तिच्याकडूनच नायकाला सत्य कळते, आणि आपण आजवर कोणाच्या बाजूने लढलो याचा त्याला फेरविचार करावा लागतो.

ऐतिहासिक लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर येथे धारातीर्थी पडल्या. १८८६ साली त्या लंडनमध्ये असणे हे केवळ कल्पनेचे स्वातंत्र्य आहे. तरीही व्हर्न यांच्या नानासाहेबांशी तुलना करता हा बदल लक्षणीय ठरतो. ताम्बे घराण्यात जन्मलेली व बिठूरला पेशव्यांच्या आश्रयाने वाढलेली ही मराठी स्त्री येथे खलनायिका नाही. बंड हे येथे सत्याच्या बाजूचे आहे. मात्र दोन मर्यादा स्पष्ट दिसतात. पहिली अशी की, खेळणारा राणीच्या भूमिकेत कधीच शिरत नाही. तो इंग्रज सरदाराच्याच नजरेने पाहतो. दुसरी अशी की, कंपनीचा दोष रक्तपिपासू राक्षसांच्या व्यापारात दाखविल्यामुळे तिचा खरा व्यवहार, म्हणजे दत्तक नामंजूर करणे, महसूल, कापूस आणि रेल्वे, पडद्याआड राहतो.

नागपूर : खालसा राज्य आणि वाफेचे आगमन

हा पडद्याआडचा व्यवहार नागपूरच्या इतिहासात उघड दिसतो. झाशीचे गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये आणि नागपूरचे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निवर्तले. दोन्ही राज्ये १८५४ साली लॉर्ड डलहौसी यांनी खालसा केली. भारतातील रेल्वेचा आराखडा मांडणारे डलहौसी यांचे प्रसिद्ध टिपण १८५३ सालचे आहे. ज्या गव्हर्नर जनरलने रेल्वेचे जाळे आखले, त्यानेच वर्षभरात नागपूरचे सिंहासन रिकामे केले. नागपूर ताब्यात घेतल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना कापसाचा पुरवठा सुलभ होईल, हा लाभ त्यांनी आपल्या विवेचनात मोजून दाखविला होता. वाफेचे यंत्र आणि संस्थान खालसा करण्याचे धोरण ही एकाच हिशेबाची दोन कलमे होती.

खालसा झाल्यानंतर भोसल्यांच्या राजवाड्यातील जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास गेले आणि हत्ती, उंट, घोडे, बैल यांचा सीताबर्डीवर मातीमोल भावाने लिलाव झाला. ज्या सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, तिच्याच पायथ्याच्या वस्तीत त्यांचे हत्ती विकले गेले. व्हर्न यांच्या पोलादी हत्तीची कथा वाचताना हे खरे हत्ती विसरता येत नाहीत.

१८५७ साली नागपुरात झाशीसारखा संग्राम झाला नाही. राजघराण्यातील वडीलधाऱ्या बांकाबाई यांनी उठावाला साथ दिली नाही. नागपूरच्या वाट्याला तलवारीचे नाट्य आले नाही, आणि गेमच्या कथानकात नागपूर नसण्याचे एक कारण बहुधा हेच असावे. या प्रदेशावर झालेला परिणाम संथ व दूरगामी होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व मागणी आली, आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळमार्गे नागपूरला पोहोचली. व्हर्न यांचा काल्पनिक हत्ती कलकत्त्याहून निघतो ते वर्षही १८६७ च आहे. पुढे १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली व नागपूर पूर्वेकडील मार्गांचेही केंद्र बनले.

तथापि वाफ केवळ परक्यांच्याच हाती राहिली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जमशेटजी टाटा यांनी कापूस, रेल्वे व वरोऱ्याचा कोळसा यांची जवळीक हेरून नागपुरात कापडगिरणी उभारली. व्हिक्टोरिया राणीस ‘भारताची सम्राज्ञी’ घोषित केले गेले त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, ती सुरू झाली व तिला ‘एम्प्रेस मिल’ हे नाव मिळाले. भारतीय उद्योगाचा एक पाया सम्राज्ञीच्या नावाने घातला जावा, यात त्या काळाचा सगळा पेच दिसतो. हातमागावरील कोष्टी विणकरांना गिरणीच्या कापडाची स्पर्धा सोसावी लागली. दुसरीकडे गावकीच्या बंधनातून सुटू पाहणाऱ्या महार समाजातील अनेकांना गिरणीत व रेल्वेत रोख मजुरी मिळाली. नागपूर स्थानकावर हमाली करणाऱ्या जाईबाई चौधरी यांनी पुढे शिक्षण घेतले आणि १९२२ साली संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. वाफयुगातील ही घटना कोणत्याही काल्पनिक यंत्रापेक्षा कमी विस्मयकारक नाही. आज एम्प्रेस मिल बंद झाली असून तिच्या आवारात व्यापारी संकुल उभे आहे.

एक वेगळी वाट

स्टीमपंकच्या चौकटीतच या प्रश्नांना जागा देता येते, याचे उदाहरण २०१४ साली आलेल्या ‘८० डेज’ या गेमने घालून दिले. ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ या व्हर्न यांच्याच कादंबरीवर तो आधारलेला असून त्याचे लेखन भारतीय वंशाच्या मेग जयंत यांनी केले आहे. खेळणारा येथे धनिक फिलिअस फॉगच्या भूमिकेत नसून त्याच्या नोकराच्या भूमिकेत असतो. या जगात यंत्रविद्या ही युरोपची मिरासदारी नाही. झुलू व हैतीचे लोकही स्वतःची प्रगत यंत्रे घडवितात, आणि प्रवासात भेटणारी माणसे साम्राज्याविषयी स्वतःचे मत बाळगून असतात. ‘टाइम’ साप्ताहिकाने हा गेम त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरविला. इतिहासाची जाण ठेवल्याने मनोरंजनात उणेपणा येतो, या समजुतीस याहून चांगले उत्तर नाही.

समारोप

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची कठोर तपासणी केली. त्यामुळे बखरी टाकाऊ ठरल्या नाहीत. त्या कशा वाचाव्यात हे अभ्यासकांना कळले. व्हिडिओ गेमलाही तीच कसोटी लावता येईल. तो कोणी रचला, कोणाच्या नजरेने रचला, त्यात कोणाला नाव मिळाले आणि कोण पार्श्वभूमीला राहिले, हे प्रश्न वर्गात विचारता येण्यासारखे आहेत. पेशव्यांचा खलनायक व राणीची सहनायिका होण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. बॉयलरमध्ये कोळसा ओढणारा, साच्यावर उभा राहणारा आणि स्थानकावर ओझे वाहणारा माणूस अजून पडद्याच्या मध्यभागी आलेला नाही.

नागपूरच्या विद्यार्थ्याला यासाठी दूर जाण्याची गरज नाही. मोतीबागेतील संग्रहालय, सीताबर्डीचा किल्ला, एम्प्रेस मिलचे आवार आणि जरीपटक्याच्या नावाची पाटी ही चारही ठिकाणे शहरातच आहेत. ती पाहिल्यानंतर तो पडद्यावरील पितळी यंत्राकडे वळेल तेव्हा त्यात कोळसा कोणी घातला, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहील. इतिहासाच्या अध्यापनाकडून याहून अधिक अपेक्षा क्वचितच करता येते.