एक पियानो, चार हात : पॅरिसमधील मदतीच्या मैफली आणि शोपँ–लिस्ट यांचे सहवादन

प्रस्तावना

युरोपीय अभिजात संगीताच्या इतिहासात १८३० ते १८४८ हा कालखंड पियानोवादकांच्या उत्कर्षाचा मानला जातो. या काळाचा अभ्यास बहुधा थोर कलावंतांची चरित्रे व त्यांच्या रचना यांच्या आधारे केला जातो. ते कलावंत कोणत्या प्रसंगी व कोणासाठी वाजवीत होते, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. प्रस्तुत लेखात फ्रेडरिक शोपँ (१८१०-१८४९) आणि फ्रान्झ लिस्ट (१८११-१८८६) यांनी एका मदतीच्या मैफलीत केलेल्या सहवादनाच्या निमित्ताने, तत्कालीन संगीतजीवनातील परोपकाराचे स्वरूप व त्याच्या मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जुलै १८३० च्या क्रांतीनंतर फ्रान्समध्ये लुई फिलिपची राजवट आली आणि सधन मध्यमवर्गाचा प्रभाव वाढला. दरबार व सरदार घराणी यांच्या आश्रयावर जगणारा संगीतकार आता तिकीट विकत घेणाऱ्या श्रोत्यांवर आणि शिकवण्यांवर अवलंबून राहू लागला. याच सुमारास पॅरिस हे निर्वासितांचेही शहर बनले. नोव्हेंबर १८३० मध्ये वॉर्सा येथे रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला. सप्टेंबर १८३१ मध्ये वॉर्साचा पाडाव झाल्यावर हजारो पोलिश लोकांनी फ्रान्सचा आश्रय घेतला. उठावापूर्वीच मायदेश सोडलेला शोपँ १८३१ च्या शरद ऋतूत पॅरिसला पोहोचला व अखेरपर्यंत परदेशस्थच राहिला. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये पटकीची भीषण साथ आली. त्या वर्षी एप्रिलमध्ये साथग्रस्तांच्या मदतीसाठी पागानिनी याचे व्हायोलिनवादन झाले. ते ऐकून तरुण लिस्ट भारावून गेला व पियानोवर तशीच पराकाष्ठा साधण्याचा त्याने निश्चय केला. म्हणजे लिस्टच्या कलाजीवनाला कलाटणी देणारा प्रसंगही मदतीच्या मैफलीचाच होता.

२ एप्रिल १८३३ ची मैफल

हॅरिएट स्मिथसन या आयरिश अभिनेत्रीने १८२७ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर शेक्सपिअरच्या नायिका साकारून मोठी कीर्ती मिळविली होती. पुढे पॅरिसमध्ये इंग्रजी नाटके करण्याचा तिचा उद्योग अपयशी ठरला व ती कर्जबाजारी झाली. त्यातच मार्च १८३३ मध्ये गाडीतून उतरताना तिचा पाय मोडला आणि रंगभूमीवर उभे राहणेही अशक्य झाले. तिच्यावर अनुरक्त असलेला संगीतकार हेक्टर बेर्लिओझ याने तिच्या मदतीसाठी २ एप्रिल १८३३ रोजी मैफल आयोजित केली. शोपँ व लिस्ट यांनी तीत जॉर्ज ऑन्स्लो याचा एफ मायनरमधील चार हातांचा सोनाटा एकत्र वाजविला. जाहीर मैफलीत दोघे एकत्र बसल्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. तेव्हा शोपँ तेवीस वर्षांचा होता, तर लिस्ट एकवीस वर्षांचा.

येथे रचनेची निवड अर्थपूर्ण वाटते. दोघांनीही स्वतःची रचना पुढे न करता तिसऱ्याच संगीतकाराची कृती निवडली. शिवाय चार हातांचे वादन हा त्या काळी मुख्यतः घरगुती संगीतप्रकार होता. मध्यमवर्गीय कुटुंबांत सिंफनी व ऑपेरा यांची ओळख बहुतांशी अशा रूपांतरांतूनच होत असे. यात एकाच पियानोवर दोघे शेजारी बसतात. एक वरच्या सप्तकांत व दुसरा खालच्या सप्तकांत वाजवितो. पेडलचा वापर बहुधा एकाकडेच असल्याने दुसऱ्याला त्याच्या जाणिवेवर विसंबावे लागते. दोघांचे नाद समतोल राहिले नाहीत तर रचना कोसळते. लिस्टचे वादन भव्य व नाट्यमय, तर शोपँचे मृदू व सूक्ष्म छटांचे होते. अशा भिन्न प्रकृतीच्या वादकांना हा प्रकार परस्परांचे ऐकण्यास भाग पाडतो. याच वर्षी शोपँने आपल्या ओपस १० मधील एट्यूड लिस्टला अर्पण केल्या, हेही लक्षणीय आहे.

परोपकाराचे विस्तारते क्षेत्र

१८३३ ची मैफल एका व्यक्तीसाठी होती. पुढील काळात मात्र या मैफलींचे क्षेत्र विस्तारत गेले. एप्रिल १८३५ मध्ये शोपँने पोलिश निर्वासितांसाठी वादन केले. ३१ मार्च १८३७ रोजी राजकन्या बेल्जोयोसो हिच्या निवासस्थानी इटालियन निर्वासितांच्या मदतीसाठी लिस्ट व थालबर्ग यांचे वादन झाले. मार्च १८३८ मध्ये डॅन्यूबच्या पुराने पेस्ट शहर उद्ध्वस्त झाल्याचे कळताच लिस्टने व्हिएन्नात जाऊन पूरग्रस्तांसाठी मैफली केल्या. बॉन येथील बेथोव्हेनच्या स्मारकासाठीही त्याने निधी उभा केला. व्यक्ती, निर्वासित समूह, आपद्ग्रस्त शहर आणि सांस्कृतिक स्मृती असा हा क्रम दिसतो. कालपर्यंत आश्रयदात्याच्या दारी उभा राहणारा संगीतकार आता स्वतःच दाता झाला होता. त्याच्या सामाजिक प्रतिष्ठेतील हा मोठा बदल होय.

परोपकाराच्या मर्यादा

तथापि या परंपरेचे केवळ गौरवीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. १८३७ च्या कार्यक्रमाचे तिकीट चाळीस फ्रँक, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. लोकांच्या कुतूहलाचा विषय निर्वासितांची दैना नसून दोन वादकांची चुरस हा होता. त्या प्रसंगासाठी सहा संगीतकारांनी मिळून रचावयाची ‘हेक्झामेरॉन’ ही कृती वेळेत पूर्णही होऊ शकली नाही. स्पर्धा पार पडली, सहकार्य मागे राहिले. एप्रिल १८४१ मध्ये बेथोव्हेन स्मारकासाठी झालेल्या पॅरिसच्या मैफलीत बेथोव्हेनच्याच रचना योजिलेल्या असताना श्रोत्यांनी लिस्टकडे ‘रोबेर ल दियाब्ल’ या ऑपेरावरील त्याच्या चमकदार फँटसीचा हट्ट धरला व त्याला तो पुरवावा लागला. सत्कार्याचे निमित्त श्रोत्यांची अभिरुची बदलू शकत नव्हते.

मदतीने प्रश्न सुटत होता, असेही म्हणता येत नाही. ३ ऑक्टोबर १८३३ रोजी बेर्लिओझ व स्मिथसन यांचा विवाह झाला. लिस्ट त्याचा साक्षीदार होता. परंतु तिच्या कर्जाचा भार बेर्लिओझवर राहिलाच. त्याच नोव्हेंबरात त्याने आणखी एक मैफल योजिली. तीत लिस्टचे वादन यशस्वी झाले, पण कार्यक्रम लांबल्याने मध्यरात्री वाद्यवृंदातील वादक निघून गेले व बेर्लिओझची ‘सिंफनी फँटास्टिक’ होऊच शकली नाही. वादकांच्या या कृतीत बेइमानी शोधण्याचे कारण नाही. मध्यरात्रीनंतर वाजविण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. नामवंत कलावंताच्या औदार्याला टाळ्या मिळत असल्या, तरी ज्यांची नावे कार्यपत्रिकेवर नसत, त्या श्रमिक वादकांच्या वेळेचे मोल हा प्रश्न अशा मैफलींत झाकलेलाच राहत असे.

शोपँची अखेरची जाहीर मैफलही मदतीचीच होती. १६ नोव्हेंबर १८४८ रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पोलिश निर्वासितांसाठी आयोजित नृत्यसमारंभात त्याने गंभीर आजारी अवस्थेत वादन केले. जमलेल्यांचे लक्ष संगीतापेक्षा नृत्याकडे अधिक होते. त्या वर्षीच्या क्रांतीमुळे पॅरिसमधील त्याच्या शिकवण्या विस्कळीत झाल्या होत्या. पुढील वर्षी, मृत्यूपूर्वीच्या महिन्यांत, त्याला जेन स्टर्लिंग या शिष्येच्या कुटुंबाकडून आलेल्या पैशांचा आधार घ्यावा लागला. देशबांधवांसाठी निधी उभारणारा कलावंत स्वतःच साहाय्याचा विषय झाला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मदतीच्या मैफलीने एकोणिसाव्या शतकातील संगीतकाराला नागरिक म्हणून उभे राहण्याची संधी दिली. मात्र कलावंताच्या उपजीविकेची सुरक्षितता तिच्यातून निर्माण झाली नाही. परोपकार हा प्रसंगापुरता होता आणि गरज कायमची होती. या मैफलींचे मूल्यमापन केवळ जमलेल्या रकमेवरून करता येत नाही, तसेच केवळ हेतूच्या उदात्ततेवरूनही करता येत नाही. २ एप्रिल १८३३ च्या सहवादनाने स्मिथसनचे ऋण फिटले नाही. परंतु आपत्तीत सापडलेल्या एका कलावंतासाठी दोन समर्थ वादकांनी आपापले स्वतंत्र आसन सोडून एकाच पियानोपुढे जागा वाटून घेतली. स्पर्धेच्या त्या युगात व्यावसायिक बंधुभावाचे असे उदाहरण विरळच. या मैफलीचे ऐतिहासिक महत्त्व त्यातच आहे.