मॉनिटरवरचा 60 हर्ट्झ आला कुठून?

गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत हर्ट्झ छापलेले असतात. 144, 240, हल्ली 540 सुद्धा. आणि साध्या मॉनिटरवर? 60. हा 60 इतका सवयीचा झालाय की तो कुणी ठरवला, हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी मात्र असे 'नेहमीचे' आकडेच आधी पकडावेत.

उत्तर भिंतीतल्या प्लगमध्ये आहे. अमेरिकेत घरची वीज 60 हर्ट्झची, युरोपात आणि आपल्याकडे 50 ची. जुन्या टीव्हीच्या वीजपुरवठ्यातली थोडी लहर चित्रात झिरपायची आणि पडद्यावर आडवा फिकट पट्टा दिसायचा. चित्राचा वेग विजेच्या वेगाएवढा ठेवला की तो पट्टा निदान एका जागी थांबतो. म्हणून 1941 च्या अमेरिकी मानकात सेकंदाला 60 अर्धचित्रं आली आणि आपल्याकडे 50. पुढे 1953 मध्ये रंग आणताना अमेरिकेला 60 चे 59.94 करावे लागले. विंडोजच्या सेटिंगमध्ये कधीकधी हा विचित्र आकडा अजून दिसतो, तो त्या तडजोडीचा वंशज.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींवर आणि इमारतींवर अँटेना उभे राहिले, सगळ्यांची तोंडं मुंबईकडे. 'छायागीत'च्या वेळी अँटेनावर कावळा बसला की घरातल्या एकाला गच्चीवर पळावं लागे (आणि त्या बिचाऱ्याचंच गाणं हुकायचं). त्या पडद्यावर 625 रेषा, सेकंदाला 25 पूर्ण चित्रं, म्हणजे 15,625 रेषा. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रंगवायचं: आधी विषम रेषा, मग सम. 25 ची उघडझाप डोळ्याला खुपते, 50 ची बरीच कमी. कमी बँडविड्थमध्ये डोळ्याला फसवण्याची ही युक्ती मला आजही फार हुशारीची वाटते.

गंमत म्हणजे आपली 50 हर्ट्झची वीज कधी नेमकी 50 नसायची. मागणी वाढली की वारंवारिता घसरायची. ग्रिडवर 49.5 असेल आणि प्रक्षेपण 50 वर, तर फरक अर्ध्या हर्ट्झचा, म्हणजे पट्टा दर दोन सेकंदांनी पडद्यावरून एक फेरी मारणार. 2002 मध्ये पश्चिम ग्रिडवर वारंवारितेशी जोडलेली दरपद्धत आली, तेव्हा कुठे ही घसरण आवरायला लागली. थोडक्यात, घरातला टीव्ही हा ग्रिडची तब्येत दाखवणारा फुकटचा मीटर होता.

खेळांना या 50-60 च्या भांडणाचा फटका बसला. फ्रेम मोजून वेळ धरणारा 60 चा खेळ 50 वर तसाच चालवला तर वेग 83 टक्के होतो. 1991 चा 'सोनिक द हेजहॉग' युरोपी यंत्रांवर संगीतासकट मंदावला होता.

पण जुन्या ट्यूबचा एक मोठा गुण होता: सिग्नल आला की रेषा लगेच काचेवर. एलसीडीत मात्र चित्र आधी साठवतात, आकार बदलतात, मग दाखवतात. इनपुट लॅगचा मोठा भाग इथे शिरला. म्हणजे पडदे सपाट झाले तेव्हा या एका बाबतीत आपण मागे गेलो.

मग 144 का? 24 ची सहापट म्हणून, असं सांगतात. मला केबलचं कारण जास्त पटतं. ड्युअल-लिंक डीव्हीआय सेकंदाला 33 कोटी पिक्सेल नेते. 1920×1080 चं चित्र 144 वेळा पाठवायला, कडेचा रिकामा वेळ धरून, साधारण 32.5 कोटी लागतात. केबल जवळजवळ काठोकाठ भरली. आजही तीच अडचण आहे: 4के, 144 हर्ट्झ, 24 बिट म्हणजे सेकंदाला सुमारे 28.7 गिगाबिट, आणि डिस्प्लेपोर्ट 1.4 प्रत्यक्षात नेतं 25.92. त्यामुळे चित्र दाबून पाठवावं लागतं, नाहीतर एचडीएमआय 2.1 हवं. 2013 मध्ये जी-सिंक आलं आणि मॉनिटर ग्राफिक्स कार्डाची वाट बघायला शिकला. विजेशी असलेलं उरलंसुरलं नातं तिथे सुटलं.

आता तुमच्या प्रयोगशाळेकडे या. प्रतिक्रियेचा वेळ मोजणारा प्रयोग 60 हर्ट्झवर केला, तर ठरलेल्या क्षणापासून पुढच्या फ्रेमची वाट बघण्यातच सरासरी 8.3 मिलिसेकंद जातात, 144 वर 3.5. एकाच मॉनिटरवरच्या दोन गटांची तुलना असेल तर सरासरीतला हा फरक वजाबाकीत निघून जातो, फक्त विखुरणं वाढतं. पण अर्धे सहभागी एका खोलीत, अर्धे दुसऱ्या खोलीत वेगळ्या मॉनिटरवर बसवले, तर जवळपास 5 मिलिसेकंदांचा खोटा 'परिणाम' तुमच्या आलेखात येईल, आणि पडद्याचा स्वतःचा लॅग त्यात अजून धरलेलाच नाही. तो मोजायला फोनचा 240 फ्रेमचा स्लो-मोशन पुरतो. मात्र त्यातली एक फ्रेम 4.2 मिलिसेकंदांची असते, तेव्हा एकदा मोजून थांबू नका. पन्नासेक वेळा मोजा आणि विखुरणंही लिहा.