उलटा पापुद्रा

तर झालं असं, की मनोरीला आत्याकडे नळाचं पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं, आणि साठवलेलं संपलं की घरामागची विहीर. खाडी जवळ, त्यामुळे मे महिन्यात विहिरीचं पाणी चक्क मचूळ लागतं. ऑनलाइन सेल चालू होता, मी आर.ओ. फिल्टर मागवला. बसवून देणारा माणूस सोमवारनंतर येणार होता. म्हटलं, आपण इंजिनियर ना? शनिवारी मार्व्याच्या धक्क्यावरून खोका फेरीबोटीत टाकला आणि पलीकडे पोचलो.

भिंतीला भोकं पाडली, टेफलॉन टेप गुंडाळली, नळ्या खोचल्या. मेम्ब्रेन वेगळं, सीलबंद आलं होतं, ते त्याच्या नळकांड्यात सरकवलं. झाकण जरा जोर लावूनच बसलं (इथेच शंका यायला हवी होती!). पंप सुरू झाला, पाणी आलं. टीडीएस मीटर बुडवला. विहिरीचं पाणी ११४०, आणि 'शुद्ध' पाणी ११३०. आत्या म्हणाली, "अरे, एवढ्या पैशात दहाच कमी?"

दोन तास डोकं खाजवलं. प्रीफिल्टर पाहिले, फ्लो रिस्ट्रिक्टर बदलून पाहिला. शेवटी मेम्ब्रेन बाहेर काढलं तेव्हा कळलं, उलटं घातलं होतं. दोन ओ-रिंगवालं टोक आत जायला हवं, ते माझ्याकडे होतं. त्यामुळे खारं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून थेट गोड्या पाण्याच्या नळीत घुसत होतं. सुलटं केलं, पहिलं पाणी फेकून दिलं, आकडा ७० वर आला.

रात्री वाचत बसलो तर गंमत सापडली. या यंत्राचा जन्मच सुलट-उलटच्या गोंधळातून झालेला आहे.

परासरण जुनंच. १७४८ साली नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्याने डुकराच्या मूत्राशयाचा पापुद्रा दारूच्या भांड्यावर बांधला, ते भांडं पाण्यात बुडवलं आणि पाणी आत शिरून पापुद्रा फुगतो हे पाहिलं. पाणी आपणहून दाट द्रावणाकडे जातं. उलट दिशेला ढकलायचं तर दाब हवा. समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक परासरण दाबच साधारण २७ बार, आणि गोडं पाणी पुरेशा वेगाने काढायला ५५ ते ७० बार द्यावा लागतो. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो, आत्याच्या भिंतीवरचा पंप पाच बारचा. यावरून अंदाज करा.

१९५०च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन यांनी दाखवलं, की सेल्युलोज अॅसिटेटचा पापुद्रा मीठ अडवतो. पण पाणी इतकं सावकाश झिरपायचं, की तहानलेला माणूस वाट बघून मरावा. मग लॉस एंजेलिसला, कॅलिफोर्निया विद्यापीठात, सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरीराजन एकत्र आले. लोब चाळिशी ओलांडून पुन्हा शिकायला आलेला माणूस! दोघांच्या प्रयोगात एकच पापुद्रा कधी मीठ अडवायचा, कधी नाही. आपल्या भाषेत, इंटरमिटंट बग. शेवटी लक्षात आलं, की पापुद्र्याला वरची आणि खालची अशा दोन वेगळ्या बाजू आहेत. एका बाजूला अतिशय पातळ, घट्ट त्वचा, बाकी सगळं स्पंजासारखं सच्छिद्र. ती त्वचा खाऱ्या पाण्याकडे ठेवली तरच काम होतं. अडवणारा थर इतका पातळ असल्यामुळे पाणीही कितीतरी पट जास्त येतं. हे १९५९-६० चं. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्याच कोअलिंगा गावात पहिला आर.ओ. प्रकल्प चालू झाला. या गावात कधीकाळी पिण्याचं पाणी रेल्वेने यायचं. (२०१६ चं लातूर आठवलं ना? मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली होती.) पुढे १९७०च्या दशकात जॉन कॅडॉट याने पॉलिअमाइडचा आणखी पातळ थर बनवला. आज घरोघरी भिंतीवर तोच आहे.

गरज नसतानाही आहे, हेही सांगायला हवं. आत्याच्या नळाचं पाणी मोजलं तर टीडीएस ९० च्या आत. तलावांचं पाणी मुळातच गोडं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं होतं, की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आर.ओ.वर बंदी आणा. म्हणून मी नळाची जोडणी काढली आणि फिल्टर फक्त विहिरीच्या टाकीला ठेवला.

पण मनोरीत या गोष्टीला आणखी एक टोक आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने मुंबईसाठी समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प जाहीर केला, तो इथेच. रोज २०० दशलक्ष लिटर, पुढे ४०० पर्यंत. जून २०२१ मध्ये सविस्तर अहवालासाठी पालिकेने एका इस्रायली कंपनीशी करार केला. (लोबही पुढे इस्रायललाच गेला, बीरशेबाला शिकवायचा.) डिसेंबर २०२३ मध्ये निविदा निघाली. पाऊस लांबला की मुंबईला पाणीकपात सोसावी लागते, त्यामुळे पावसावर अवलंबून नसलेलं पाणी हवं, हे मला पटतं. विजेचा हिशेब मात्र बघा: हजार लिटरला तीन-चार युनिट, म्हणजे रोजचे सहा ते आठ लाख युनिट.

रविवारी दुपारी काका जाळं विणत बसले होते. फिल्टरची वाया जाणाऱ्या पाण्याची नळी मी मोरीत सोडली होती. आत्याने ते पाणी जास्वंदीला घालायचं नाही, असं बजावून ठेवलंय.

काकांनी विचारलं, "एक तांब्या गोडं निघायला किती जातं?"

"साधारण तीन तांबे."

"आणि त्या मोठ्या मशीनचं?"

मी फोनवर गुणाकार केला. समुद्राच्या पाण्यातून चाळीस-पंचेचाळीस टक्केच गोडं निघतं. २०० दशलक्ष लिटर हवं असेल तर अडीचशे ते तीनशे दशलक्ष लिटर परत समुद्रात जाणार, तेही जवळजवळ दुप्पट खारट होऊन. ते लांब खोल पाण्यात नेऊन, पसरवून सोडतात, म्हणजे लवकर मिसळतं, असंही सांगितलं.

"लांब म्हणजे किती? आमची जाळी असतात तिथवर?"

मी म्हटलं, नकाशा मिळाला की दाखवतो. काकांनी मान हलवली आणि पुढची गाठ मारली. साडेपाचच्या बोटीने मी मार्व्याला परतलो.