मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचे?

दरवर्षी जूनमध्ये शाळेत प्रवेश सुरू झाले की अर्जातल्या एका रकान्याकडे माझे लक्ष जाते. मातृभाषा. मुलाचे नाव मुस्लिम दिसले की अर्ज भरणारा विचारतही नाही, 'उर्दू' लिहून मोकळा होतो. माझ्या दाखल्यावरही तेच आहे. प्रत्यक्षात अम्मी घरी दखनी बोलायची, गल्लीत आणि बाजारात मराठी चालायची. उर्दू मी शाळेत शिकलो. आज उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, दोन्हींवर जीव आहे. पण एका रकान्यात माणूस मावत नाही, हे मला मॉरिशसचा इतिहास वाचताना नीट उमगले.

हिंदी महासागरातले हे बेट आपल्या एखाद्या छोट्या जिल्ह्याएवढे. आधी डच आले आणि 1710 मध्ये सोडून गेले. मग फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. मालकाची फ्रेंच आणि गुलामांच्या अनेक बोली यांच्या व्यवहारातून क्रिओल जन्मली. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज कायम ठेवण्याचे तहात मान्य केले. त्यामुळे कारभार इंग्रजीत गेला, तरी प्रतिष्ठा फ्रेंचचीच राहिली. आजही तिथली वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात.

1835 मध्ये गुलामी संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून करारावर हिंदुस्थानी माणसे नेली गेली. 1834 पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख. सर्वाधिक कलकत्त्याहून, मग मद्रासहून आणि मुंबईहूनही. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे मराठी मजूर होते. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव आणि झाकरी नाच आजवर जपला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. बिहारकडून गेलेले हिंदू आणि मुसलमान मजूर एकाच मळ्यावर राबत आणि एकच भोजपुरी बोलत. लग्नघरी बायकांची गाणी भोजपुरीतच असत. पुढे मात्र हिंदूंच्या बैठकांत हिंदी शिकवली जाऊ लागली, मुसलमानांच्या मदरशांत उर्दू. दोन्ही शिक्षण मोलाचेच, त्याविषयी तक्रार नाही. पण जनगणनेत 'पूर्वजांची भाषा' असा प्रश्न आला आणि भाषेचा रकाना धर्माचा रकाना होऊन बसला. ज्यांचे आजे एकाच बोलीत भांडले आणि एकाच बोलीत समेट केले, त्यांच्या नातवांपैकी एकाने हिंदी लिहिले, दुसऱ्याने उर्दू. 1983 च्या जनगणनेत तर मुसलमानांनी मोठ्या संख्येने पूर्वजांची भाषा म्हणून अरबी नोंदवली. अरबी आपल्या इबादतीची भाषा आहे, पण बिहारचा शेतमजूर घरात ती बोलत नव्हता. 1990 मध्ये ही संख्या एकदम घटली. सात वर्षांत पूर्वज बदलले नव्हते, स्वतःची ओळख सांगण्याची गरज बदलली होती.

ही ओढाताण फक्त मुसलमानांची नाही. 1998 मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला. तमिळ समाज संतापला. अखेर त्या नोटा मागे घेऊन जुना क्रम परत आणावा लागला.

या सगळ्यात क्रिओल कुठे होती? प्रत्येकाच्या तोंडी. 2011 च्या जनगणनेनुसार पाचांपैकी चारांहून अधिक लोक घरी तीच बोलत होते, मराठी आणि मुस्लिम कुटुंबेही. तरी ती 'मोडकी फ्रेंच' म्हणून हिणवली गेली. संसदेची भाषा इंग्रजी, सदस्याला फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा, असे संविधान सांगते. तेलुगू वंशाचे लेखक देव विरासामी यांनी शेक्सपिअर क्रिओलमध्ये आणला. प्राथमिक शाळेत ती विषय म्हणून यायला मात्र 2012 साल उजाडावे लागले, म्हणजे स्वातंत्र्यानंतर चव्वेचाळीस वर्षे.

मॉरिशसकडून घेण्यासारखेही पुष्कळ आहे. 1970 मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या महात्मा गांधी संस्थेत उर्दू आणि मराठी एकाच छताखाली शिकवल्या जातात. आमच्याकडे मी दोन्ही शिकवतो म्हटले की लोक अजून भुवया उंचावतात.

यंदा प्रवेशाच्या टेबलाशी मी स्वतः बसलो. एका आईला विचारले, "बाजी, घरात काय बोलता?" ती संकोचून म्हणाली, "कुछ नहीं सर, अपनी टूटी-फूटी." मोडकी फ्रेंच आठवली. मी रकान्यात 'दखनी' लिहिले आणि तिला वाचून दाखवले. तिने दोनदा विचारले, "चलता ना सर, ऐसा लिखे तो?"