धावत्या वस्तूचे चित्र

वर्गात विचारून पहा, "वेग म्हणजे काय?" "अंतर भागिले वेळ," असे उत्तर चटकन येईल. मग पुढे विचारा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ५७ मिनिटांत ठाण्याला पोचली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. म्हणजे सरासरी ताशी सुमारे ३६ किलोमीटर. पण गाडी हलली त्या क्षणी तिचा वेग किती? ठाण्याला थांबता थांबता किती? इथे मुलं गप्प होतात. सूत्र पाठ आहे, पण गती डोळ्यांना दिसलेली नाही.

ही अडचण तुमच्याच मुलांची आहे असे समजू नका. क्षणाक्षणाला बदलणारी गोष्ट मोजावी कशी, या प्रश्नाने भल्याभल्या पंडितांना कोड्यात टाकले होते. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील विद्वानांनी नियम सांगितला, की वेग एकसारखा वाढत असेल तर वस्तू जितके अंतर कापते, तितकेच ती मधल्या वेगाने सारखी चालूनही कापील. फ्रान्समधल्या निकोल ओरेमने त्याचे चित्रच काढले. आडवी रेघ म्हणजे वेळ. तिच्यावर उभ्या रेघा. ज्या क्षणी जितका वेग, तितकी रेघ उंच. थांबलेली वस्तू निघून एकसारखा वेग घेत गेली, की या रेघांचा त्रिकोण होतो. त्याचे क्षेत्रफळ निम्म्या उंचीच्या आयताइतके भरते. क्षेत्रफळ म्हणजेच कापलेले अंतर!

पण खरीखुरी वस्तू अशी चालते का? ते गॅलिलिओने पाहिले. लाकडी तुळईला खाच पाडून त्याने तिच्यातून धातूची गोळी उतरणीवर सोडली. सेकंद दाखवणारे घड्याळ कुठले? भांड्यातून बारीक धारेने पडलेले पाणी तोलून तो वेळ मोजी. चौथाई लांबी उतरायला गोळीला निम्मा वेळ लागे. समान वेळांतली अंतरे १, ३, ५, ७ अशी वाढत. १६३८ साली त्याचा ग्रंथ हॉलंडमध्ये लायडनला छापला गेला, तेव्हा तो इटलीत नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती. त्या ग्रंथातही तोच त्रिकोण आहे.

आता तुमच्या शाळेचे अंगण घ्या. एका मुलाने सारख्या अंतराने टाळ्या वाजवाव्यात. दुसऱ्याने सरळ चालत जाऊन प्रत्येक टाळीला एक खडा टाकावा. सारखे चालला तर खडे सारख्या अंतरावर पडतील. पाऊल उचलत गेला तर लांब लांब पडतील. मग फळ्यावर आडव्या रेघेवर टाळ्या मांडा, उभ्या रेघेवर निघाल्या जागेपासूनचे अंतर. सारखे चालणे म्हणजे सरळ तिरपी रेघ. उभे राहिले की रेघ आडवी. घाई केली की चढ वाढतो. हा चढ म्हणजेच वेग. मुलगा परत फिरला की रेघ खाली उतरते. चाल तीच, पण दिशा उलटी. 'चाल' आणि 'वेग' हे दोन शब्द का लागतात, ते इथे उमगते.

शेवटी त्या आगगाडीची ५७ मिनिटे मुलांनाच फळ्यावर काढू द्या. बोरीबंदरपाशी रेघ कशी असावी, हे तुम्हाला सांगावे लागणार नाही.